वाकळेचा घास

"चादर बरी झालीया," आत्याबाई म्हणाल्या.

शालन वन्सं त्या दिवशी बाळाला घेऊन आजऱ्याला सासरी निघणार होत्या. आत्याबाई आणि मी सोप्यात बसून बाळंतविडा मांडत होतो. अंगडी, टोपडी, कुंची, डिंकाचे लाडू, वाळा आणि बिंदल्या, आणि या सगळ्याच्या वर मी शिवलेली बाळाची गोधडी. आत्याबाईंनी प्रत्येक वस्तूला हात लावला, टोपड्याचं कौतुक केलं, लाडवांचंही केलं, आणि शेवटी गोधडीचा कोपरा चिमटीत धरून हे प्रमाणपत्र दिलं.

"चादर नव्हे, आत्याबाई. वाकळ आहे." आमच्या गडहिंग्लजकडं गोधडीला वाकळ म्हणतात.

"वाकळ हातानं शिवत्यात. ही मशिनीनं शिवल्याली. म्हंजे चादर."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अनसाबाई. साऱ्या पेठेत त्यांच्या वाकळांचा दरारा होता. मेणावरून दोरा ओढून घ्यायच्या आणि एकदा बसल्या की तांदळाच्या दाण्याएवढे टाके, एका ओळीत, मुंग्या चालल्यासारखे. लग्न होऊन आले तेव्हा मी माहेरून आणलेली शिलाई मशीन पाहून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "ठेव तिकडं कोपऱ्यात." तेव्हापासून मशीन कोपऱ्यात होती आणि मीही तिच्या शेजारी.

मी बेळगावला फर्नांडिस बाईंच्या क्लासात शिकले होते. मशीनला सुईच्या खाली बारीक दात असतात, कापड पुढं सरकवायचं काम त्यांचं. बाईंनी आम्हाला ते दात खाली उतरवून शिवायला शिकवलं. दात उतरले की मशीन कापडाला ओढत नाही. ते आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. सुई जागच्या जागी वरखाली होते आणि तिच्याखालून गोधडी हवी तशी जाते, तिरपी, गोल, उलटी. पेन्सिल एका जागी धरून कागद फिरवावा, तसं. हात जरा घाईनं ओढला की सुई मोडलीच. शिकताना मी इतक्या सुया मोडल्या की बाई म्हणाल्या होत्या, "वैजयंता, तू शिवतेस की खिळे ठोकतेस?"

बाळाच्या गोधडीची नक्षी मी आधी वर्तमानपत्रावर काढली, मग साबणाच्या चिपेनं कापडावर उतरवली. एका कोपऱ्यातून वेल निघतो, दोरा कुठंही न तोडता त्याच वेलातून मांजर होतं, मांजराच्या शेपटीतून चिमणी, चिमणीच्या चोचीतून चांदोबा, आणि असं साऱ्या गोधडीभर हिंडून वेल पुन्हा निघाला त्याच कोपऱ्यात येतो. वर आत्याबाईंच्या जुन्या इरकलींचे तुकडे आणि आत मामंजींचं धुऊन धुऊन साईसारखं झालेलं धोतर. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते धोतर आत्याबाईंनी ट्रंकेतून स्वतः काढून दिलं होतं. त्यामुळं मला वाटलं, की आपलं जमलं.

कुठलं जमतंय. आत्याबाईंची एक रीत होती. वाकळ पुरी होत आली, की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात भाकरीचा एवढासा तुकडा घालायचा. तव्यावर खापरासारखा कडक करून घालायचा, म्हणजे मुंग्या लागत नाहीत. "वाकळ उपाशी ऱ्हायली तर माणसाची झोप खाती," असं त्या म्हणत. त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं. पेठेतल्या बायका बाळाची वाकळ शिवली, की शेवटचा कोपरा उघडा ठेवून आमच्या दारात येत आणि आत्याबाई घास घालून देत. वन्सं निघायच्या दोन दिवस आधी मीही माझ्या गोधडीचा कोपरा मुद्दाम उघडा ठेवला आणि त्यांच्यापुढं नेला.

"आत्याबाई, घास घालता ना?"

"चादरीला कसली आलीया भूक," म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

मी आत येऊन तो कोपरा मशीनवर बंद केला. मला फार लागलं ते. पेठेतल्या परक्या बायांच्या वाकळांना घास मिळतो आणि घरच्या सुनेच्या गोधडीला नाही. मी ह्यांना सांगायला गेले, तर हे कारखान्याला जायच्या घाईत होते. "तू आणि आई बघून घ्या," म्हणाले. सगळ्या घरांत पुरुषमंडळी एवढंच म्हणतात.

तर निघायच्या दिवशी जीप आली, वन्संनी बाळाला कुंचीत गुंडाळलं, आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि बाळंतविड्याची पेटी जीपमध्ये चढली. माझी गोधडी पेटीत नव्हती. वन्संनी ती बाळाच्या अंगाखाली घेतली होती. "वहिनी, किती मऊ झालीय गं," जाता जाता म्हणाल्या. आत्याबाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे.

घर सुनं झालं. करमेना म्हणून मी मशीनवर उशीचे अभ्रे घेऊन बसले. पायडल मारलं, तर टाका पडेना. सुई खाली जाते, वर येते, दोरा काही धरत नाही. वाकून बघितलं, तर सुई उलटी बसवलेली. चपटी बाजू जिकडं हवी, त्याच्या बरोबर विरुद्ध अंगाला.

मी अशी सुई बसवीन? झोपेतसुद्धा नाही. गोधडी पुरी झाल्यावर मी मशीन पुसून झाकून ठेवली होती, तेव्हा सुई सरळ होती. मग मी खण उघडला. बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी, मोडक्या सुईचा वरचा जाड तुकडा होता. टोक नव्हतं.

फर्नांडिस बाई स्वभावानं गरीब होत्या, पण एका गोष्टीला क्षमा करत नसत. सुई मोडली, की तिचे तुकडे जोडून पूर्ण सुई हातावर दिसल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. एकदा टोक सापडेना म्हणून त्यांनी साऱ्या क्लासला जमिनीवर रांगायला लावलं होतं. "कपडा कुणाच्या अंगाला लागणार आहे, ते तुम्हाला माहीत नसतं," म्हणायच्या.

मला तर माहीत होतं. मशीन मी झाकली, त्यानंतर घरात शिवण्यासारखी एकच गोष्ट होती, बाळाची गोधडी. आदल्या दिवशी मी कुंचीची लेस आणायला बाजारात गेले होते आणि गोधडी मशीनशेजारीच घडी घालून ठेवली होती. वन्सं मला कितीदा म्हणाल्या होत्या, एकदा मलाही फिरवून बघू दे. त्यांनीच बसून बघितलं असणार. हात ओढला असणार, सुई मोडली असणार, आणि ओशाळून तुकडा डब्यात टाकला असणार. टोक कुठं गेलं, हे बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

मी मशीनची सुईखालची पत्री काढली, खालची खोबण फुंकून बघितली, टाचण्या वेचायचं लोहचुंबक घेऊन सगळी जमीन धुंडाळली. दोन टाचण्या, एक हूक आणि ह्यांच्या पँटची हरवलेली चेन सापडली. टोक नाही. म्हणजे ते गोधडीत होतं. आणि गोधडीवर महिन्या-सव्वा महिन्याचं बाळ झोपत होतं.

आजऱ्याला त्यांच्या घरी फोन नव्हता. मी तोंडावर पाणी मारलं, लोहचुंबक, कात्री, सुईदोरा आणि मोडक्या सुईचा तो तुकडा पिशवीत टाकला, आणि दोरीवरचं एक वाळलेलं दुपटं ओढून घेतलं.

"कुठं निघालीस?" आत्याबाई.

"आजऱ्याला. बाळाचं दुपटं राहिलं, देऊन येते."

"एका दुपट्यापायी?"

"लागतं हो. लहान बाळ आहे."

खरं सांगायची माझी हिंमत नव्हती. एक तर म्हातारीच्या काळजाचं पाणी झालं असतं. आणि दुसरं, त्यांनी मशीन त्याच दिवशी घराबाहेर काढली असती, आणि मला तोंड वर करून 'नको' म्हणता आलं नसतं. नातीच्या अंथरुणात सुई म्हटल्यावर कोण काय बोलणार?

त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग खुंटीवरचं लुगडं ओढलं. "थांब. मी बी येतो."

"तुम्ही कशाला? आत्ताच तर गेली ती."

"माझी नात हाय. मला कशाला-बिशाला इचारायचं न्हाई."

एसटीत आम्ही शेजारीशेजारी बसलो. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती आणि त्या कमरेचा बटवा. रस्त्याला चढ लागला, गाडी रडत रडत निघाली. प्रत्येक थांब्याला कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी गप्पा मारायचा. मला वाटत होतं, उतरावं आणि पळत सुटावं.

"तोंड का उतरलंय तुझं?" आत्याबाईंनी विचारलं.

"उन्हानं."

"ऊन पल्याडच्या बाजूला हाय."

पुढच्या थांब्याला त्याच म्हणाल्या, "त्या चादरीला कायबी करायला जाऊ नगंस. झाली हाय ती बरी झाली हाय."

चादरीचं मी नावही काढलं नव्हतं. पण त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, नाहीतर तिथंच उमगलं असतं.

घराच्या दारात पोचलो आणि आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. साधं कुरकुरणं नव्हतं, टाहो होता. शालन वन्संच्या सासूबाई दारात आल्या, आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं, पण बाळाच्या रडण्यापुढं त्यांना बाकी काही सुचत नव्हतं.

"या, या. आल्याधरनं रडतीया बघा. काय टोचतंय का म्हणून कपडंसुद्दा काढून बघितलं. काय सापडंना."

टोचतंय म्हटल्यावर मी चप्पल कुठं काढली ते मला आजही आठवत नाही. आत गेले, गोधडीवरून बाळाला उचललं, उलटं केलं, पाठ बघितली, मांड्या बघितल्या, मानेच्या वळ्या बघितल्या. कुठं लाल ठिपका नाही, ओरखडा नाही. वन्संच्या हातात बाळ दिलं आणि गोधडी ओढून घेतली.

"काय झालं, वहिनी?"

"एक टाका राहिलाय. आता करून देते. तोवर तिला मांडीवर घ्या."

"टाका घालायला एवढं आजऱ्याला आलीस?"

"आणि दुपटं राहिलं होतं."

मी दाराशी उजेडाला बसले आणि गोधडीवरून लोहचुंबक फिरवायला लागले. मांजर झालं, चिमणी झाली, चांदोबा झाला. कुठं काही चिकटेना. मग डोळे मिटून बोटांनी चाचपत निघाले, वेलाच्या मागे मागे, जसा मी तो शिवला होता तसा. आतलं धोतर इतकं मऊ होतं की तांदळाचा दाणासुद्धा लपला नसता. वेल संपतो त्या कोपऱ्यात बोट थांबलं. आत काहीतरी कडक होतं.

मी कात्री उचलली.

"तो कोपरा ऱ्हाऊ दे," शेजारी बसलेल्या आत्याबाई त्यावर हात ठेवून म्हणाल्या.

"का?"

"काय झालंय त्या कोपऱ्याला? चांगला हाय. ऱ्हाऊ दे."

"आत्याबाई, हात काढा."

"उसवू नगं म्हंतो न्हवं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हात धरून बाजूला केला. शालन वन्सं आणि त्यांच्या सासूबाई बघतच राहिल्या. कडेला कात्री लावणार, तेवढ्यात मला टाके दिसले. तो कोपरा मी मशीनवर बंद केला होता. हे टाके हातचे होते. तांदळाच्या दाण्याएवढे, एका ओळीत. साऱ्या तालुक्यात असे टाके घालणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्या शेजारी बसून छताकडं बघत होतं.

मी टाके उसवले. आतून भाकरीचा तुकडा पडला. कडक, करपल्या कडेचा. पडला तो दोन तुकडे होऊनच.

बाळ हुंदके देत थांबलं होतं.

"तुम्ही घातलात?" मी विचारलं.

"मग काय तुजी आई आली हुती घालाय?" त्यांनी पदर नीट केला. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. म्हटलं, धोतर त्येंचं, लुगडी माझी, शिवल्याली माझ्या सुनंनं, आणि माझी नात उपाशी वाकळंवर निजायची? तू बाजारला गेलीस तवा घातला."

"मला सांगायचं होतं."

"तुला सांगून? तोंडावर न्हाई म्हटल्यावर?" आणि मग आवाज खाली आणून, "हातानं टाका घातला असता तर तुला कळलं असतं. म्हणून मशिनीवर बसलो. ते तुजं मशीन कापड म्हणून पुढं घेईना. वडलं, तर कटकन सुई मोडली. दुसरी घातली, तर ती दोराच धरंना. शेवटी हातानंच केलं."

दात उतरवलेले होते. गोधडी पुढं सरकणार कुठून?

"आत्याबाई," मी म्हटलं. "सुईचं टोक कुठं आहे?"

"कसलं टोक?"

"मोडलेल्या सुईचं. खालचं."

"त्ये व्हय." त्यांनी कमरेचा बटवा सोडला. सुपारी बाजूला केली, चुन्याची डबी बाजूला केली, आणि दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा काढून माझ्या हातात ठेवला. मेणाच्या मधोमध, मानेपर्यंत रुतवलेलं, सुईचं टोक चमकत होतं. "ह्ये काय. टाकून कुठं देणार? पायात गेलं म्हंजे?"

मी पिशवीतून जाड तुकडा काढला. मेणातून टोक ओढलं, पुसलं आणि तळहातावर दोन्ही तुकडे जोडून धरले. मोड मोडीत बसली. एक पूर्ण सुई.

माझा जीव भांड्यात पडला, तो इतक्या जोरानं की मला रडूच फुटलं. वन्सं घाबरल्या. त्यांच्या सासूबाई पाणी आणायला धावल्या. मग मी सगळं सांगितलं, मोडकी सुई, रिकामी जमीन, एसटीतला तो चढ. वन्सं ऐकता ऐकता बाळाला छातीशी घट्ट धरत गेल्या. आत्याबाईंचा चेहरा मात्र हळूहळू कठीण झाला.

"म्हंजे तुला वाटलं, लेकराच्या अंथरुणात सुई ऱ्हायली."

"हो."

"आणि तू माझ्याशेजारी बसून एवढा वखत ते एकटीच सोसलंस."

"तुम्ही मशीन बाहेर काढली असती."

बाळ वन्संच्या खांद्यावर एक मोठी ढेकर देऊन शांत झालं, आणि साऱ्या रडण्याचं कारण तेवढंच होतं, हे आम्हाला सगळ्यांनाच एकदम कळलं. वन्सं हसायला लागल्या. मग मीही हसले. आत्याबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी नाक पुसलं.

"एवढ्या वाकळा शिवल्या जन्मभर," त्या म्हणाल्या, "पर आजपतोर एक सुई हरवू दिली न्हाई. इचारायचं हुतंस."

"तुम्हीही सांगायचं होतं."

"व्हय," म्हणाल्या. एवढंच. पण अनसाबाईंच्या तोंडून 'व्हय' ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते आमच्या पेठेत कुणालाही विचारा.

मग त्यांनी वन्संच्या सासूबाईंना हाक मारली. "इहीणबाई, भाकरी हाय का सकाळची? आणि तवा ठेवा चुलीवर. घास मोडला हिच्या हातनं."

तुकडा भाजून, कडक होऊन आला. त्यांनी तो फुंकून माझ्या तळहातावर ठेवला. "घाल."

"तुम्ही घाला. रीत तुमची आहे."

"वाकळ तू शिवल्याली. घाल म्हंतो न्हवं."

मी घास घातला आणि कोपरा हातानं शिवायला लागले. त्या शेजारी बसून बघत होत्या. तिसऱ्या टाक्यालाच म्हणाल्या, "लांब पडाय लागल्यात. आण इकडं." आणि शेवटचे टाके त्यांनीच घातले. बाळाला गोधडीवर ठेवलं, तेव्हा ते पाय झाडून एकदा हसलं आणि झोपलं. आम्ही चौघी चहा होईपर्यंत नुसत्या त्याच्याकडं बघत बसलो.

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. खिडकीतून गार वारा येत होता आणि माझ्या अंगातलं सगळं बळ संपलं होतं, पण ते संपणं फार सुखाचं होतं. मी आत्याबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांनी खांदा काढून घेतला नाही.

"त्ये दात खाली कसं करत्यात?" मधेच त्यांनी विचारलं.

"खाली एक स्क्रू असतो. उद्या दाखवते."

"आणि मांजर?"

"मांजरही दाखवते. पण सुई मोडली तर सांगायचं."

"आता किती येळा बोलून दावणार हाईस?"

पुढच्या बाकावर आमच्या पेठेतल्या पारूबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. "अनसाबाई, सकाळी लेक सासरी गेली म्हणं. आणि तुमी सासू-सून लगोलग कुठं गेला हुता?"

आत्याबाईंनी बटव्यातून सुपारी काढली, दाढेखाली ठेवली आणि सावकाश चावली.

"आजऱ्याला," त्या म्हणाल्या. "नातीची वाकळ जेवायची ऱ्हायली हुती. तिला जेवू घालून आलो."